इंग्रजी नामांच्या त्याच त्या चुका : लक्षणे, तपासणीचा क्रम आणि कोठे थांबावे

लक्षणे

आपण लिहिलेल्या इंग्रजी मजकुरात पुढीलपैकी दोन-तीन गोष्टी जरी आढळल्या, तरी दोष नामांमध्ये आहे असे धरून तपासणीला लागावे. घरगुती निवासाच्या पाटीवर ‘रूम’ या शब्दापुढे अपॉस्ट्रॉफी देऊन मग बहुवचनाचा एस जोडलेला असतो. माहितीपत्रकात ‘फर्निचर्स’, ‘इन्फर्मेशन्स’, ‘सीनरीज’, ‘इक्विपमेंट्स’ असे शब्द भेटतात. सहलीच्या जाहिरातीत ‘थ्री डेज टूर’ असते, समुद्रकिनाऱ्याच्या वर्णनात ‘वन ऑफ द बेस्ट बीच’ असते आणि खाद्यपदार्थांच्या यादीत ‘प्रॉन्स करी’ असते. नोकरीच्या अर्जात ‘फाइव्ह इयर एक्स्पीरियन्स’ लिहिलेले असते, शाळेच्या पत्रात ‘अवर प्रिन्सिपॉल हॅव ग्रँटेड’ असे वाक्य येते आणि वादळानंतरच्या विमा दाव्यात ‘डॅमेजेस टु माय हाउस’ असा उल्लेख असतो.

आणखी एक लक्षण या सर्वांपेक्षा अधिक बोलके आहे. मजकूर एकदा दुरुस्त करून दिला तरी पुढच्या हंगामात त्याच व्यक्तीच्या नव्या मजकुरात तीच चूक दुसऱ्या शब्दावर बसून परत येते. याचा अर्थ असा की शब्द दुरुस्त झाला होता, पण ज्या सवयीतून चूक उगवते ती सवय तशीच राहिली होती.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील पाट्या, वेष्टनांवरील मजकूर, सहकारी संस्थांची पत्रे आणि तरुणांचे अर्ज दुरुस्त करण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. १९९७ मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली आणि २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. या प्रत्येक टप्प्यावर आपल्याकडे इंग्रजीत लिहिण्याची निकड वाढत गेली. ज्यांनी शाळेत इंग्रजी केवळ परीक्षेपुरते लिहिले होते, त्यांनाच आता परगावच्या आणि परदेशच्या ग्राहकांसाठी लिहावे लागते. अशा मजकुरातील चुका पाहता पाहता एक गोष्ट माझ्या पक्की ध्यानात आली आहे. नामांच्या चुका नियम पाठ नसल्यामुळे होतात असे सहसा नसते. कोणती वस्तू मोजायची आणि कोणती मोजायची नाही याचा मराठीचा हिशेब आणि इंग्रजीचा हिशेब काही ठिकाणी जुळतो आणि काही ठिकाणी जुळत नाही. कोठे जुळतो हे एकदा कळले की बहुतेक काम संपते. म्हणून पुढील प्रत्येक तपासणीत मराठी कोठे हात देते आणि कोठे फसवते, हे मी मुद्दाम सांगणार आहे.

पहिली तपासणी : पेन्सिल आणि कागद

या तपासणीला काहीच खर्च नाही. मजकूर कागदावर घ्यावा, प्रत्येक नामाखाली रेघ ओढावी आणि प्रत्येक नामाच्या डावीकडचा शब्द पाहावा. तेथे ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘वन’, ‘ईच’, ‘एव्हरी’, ‘मेनी’, ‘मच’, ‘दीज’ किंवा एखादी संख्या असेल तर त्याभोवती गोल करावा. नामाचे वचन ठरविणारी खूण बहुतेक वेळा याच शब्दात असते आणि आपण घाईने वाचतो तेव्हा नेमकी तीच नजरेआड होते.

संगणक किंवा मोबाइल चूक दाखवील या भरवशावर ही पायरी गाळू नये. शुद्धलेखन तपासणारी साधी सोय शब्द कोशात आहे की नाही एवढेच पाहते. ‘वर्क्स’, ‘हेअर्स’, ‘डॅमेजेस’, ‘एक्स्पीरियन्सेस’ हे सर्व शब्द इंग्रजीत अस्तित्वात आहेत. ते त्या वाक्यात चुकीचे आहेत, आणि ते यंत्राच्या लाल रेघेला दिसेलच असे नाही.

रेघा ओढून झाल्यावर सर्वांत आधी ‘वन ऑफ द’ शोधावे. त्याच्या पुढचे नाम नेहमी बहुवचनी आणि क्रियापद एकवचनी हवे. मालवणच्या जलदुर्गाविषयी लिहिताना ‘सिंधुदुर्ग इज वन ऑफ द सी फोर्ट्स बिल्ट बाय शिवाजी महाराज’ हे बरोबर आहे, ‘वन ऑफ द सी फोर्ट’ हे चूक आहे. येथे मराठी पूर्णपणे आपल्या बाजूची आहे, कारण आपण ‘किल्ल्यांपैकी एक’ असेच म्हणतो, ‘किल्ल्यापैकी एक’ असे कोणी म्हणत नाही. चूक होते ती ‘वन’ हा शब्द डोळ्यांसमोर असल्यामुळे. म्हणून वाक्य मनात ‘पैकी’ घालून मराठीत म्हणून पाहावे. मराठीत बहुवचन आले की इंग्रजीतही बहुवचन लिहावे.

याउलट ‘ईच’ आणि ‘एव्हरी’ यांच्यापुढे एकवचनी नाम येते. ‘मेनी अ’ आणि ‘मोर दॅन वन’ यांचा अर्थ अनेक असा असला तरी त्यांच्यापुढचे नाम आणि क्रियापद एकवचनीच राहते, ‘मेनी अ टूरिस्ट हॅज आस्क्ड’ असे. ‘अ नंबर ऑफ टूरिस्ट्स’ पुढे बहुवचनी क्रियापद येते, तर ‘द नंबर ऑफ टूरिस्ट्स’ पुढे एकवचनी, कारण दुसऱ्या वाक्यात आपण पर्यटकांविषयी नव्हे तर त्यांच्या संख्येविषयी बोलत असतो.

त्याच वेळी बहुवचनाच्या एसआधी कोठे अपॉस्ट्रॉफी पडली असेल तर ती खोडावी. ती मालकी दाखविते, अनेकपण दाखवीत नाही. खोल्या भाड्याने देणाऱ्या पाटीवर ‘रूम्स’ एवढेच पुरेसे असते. पाटी रंगविण्यापूर्वी हे पाहणे फुकट असते, रंगविल्यानंतर पाहिले तर पाटी पुन्हा करावी लागते.

दुसरी तपासणी : संख्येला चिकटलेली नामे

आता ज्या नामांच्या डावीकडे संख्या आहे तेवढीच पाहावीत. नेमकी संख्या सांगताना ‘डझन’, ‘हंड्रेड’, ‘थाउजंड’ या शब्दांना एस लागत नाही. हापूसच्या पेटीत ‘फाइव्ह डझन मँगोज’ असतात, ‘फाइव्ह डझन्स’ नसतात. संख्या न सांगता केवळ पुष्कळ असे म्हणायचे असेल तरच ‘डझन्स ऑफ मँगोज’ किंवा ‘हंड्रेड्स ऑफ टूरिस्ट्स’ असे लिहावे. मराठीत आपण ‘पाच डझन आंबे’ आणि ‘शेकडो पर्यटक’ असे अगदी याच पद्धतीने म्हणतो, त्यामुळे ही चूक मनात मराठी म्हणून पाहिल्यास लगेच पकडली जाते.

पुढची चूक मात्र मराठीतूनच येते आणि ती कोकणातल्या प्रत्येक पर्यटन फलकावर आढळावी इतकी सर्रास आहे. ‘तीन दिवसांची सहल’, ‘पाचशे रुपयांची नोट’, ‘दहा वर्षांचा मुलगा’, ‘दोन खोल्यांचे घर’ या प्रत्येक प्रयोगात मराठी नाम बहुवचनाच्या सामान्यरूपात असते. तेच बहुवचन हाताबरोबर इंग्रजीत उतरते आणि ‘थ्री डेज टूर’, ‘टेन इयर्स ओल्ड बॉय’ असे लिहिले जाते. इंग्रजीत संख्या आणि नाम मिळून दुसऱ्या नामाचे विशेषण झाले की आतले नाम एकवचनी होते आणि मध्ये जोडरेघ येते : ‘थ्री-डे टूर’, ‘फाइव्ह-हंड्रेड-रुपी नोट’, ‘टेन-इयर-ओल्ड बॉय’, ‘टू-रूम हाउस’. हेच शब्द नामाच्या आधी न येता क्रियापदानंतर आले तर बहुवचन परत येते, म्हणून ‘द बॉय इज टेन इयर्स ओल्ड’ हे बरोबर ठरते. संख्येनंतरचे नाम स्वतः उभे आहे की पुढच्या नामाला टेकून उभे आहे, एवढेच येथे पाहायचे असते.

संख्या नसतानाही हा नियम लागू पडतो. दोन नामे एकापुढे एक आली की पहिले साधारणपणे एकवचनी असते : ‘प्रॉन करी’, ‘मँगो पल्प’, ‘कॅश्यू फॅक्टरी’. ‘गुड्स ट्रेन’, ‘कस्टम्स ऑफिस’, ‘सेव्हिंग्ज बँक’ आणि ‘स्पोर्ट्स क्लब’ हे अपवाद आहेत आणि ते तसेच लक्षात ठेवावे लागतात. ‘मॅन’ किंवा ‘वुमन’ पहिले असेल तर बहुवचनात दोन्ही नामे बदलतात, म्हणून ‘विमेन डॉक्टर्स’, पण ‘लेडी डॉक्टर्स’.

तिसरी तपासणी : ज्या नामांना इंग्रजी मोजत नाही

सर्वांत जास्त चुका येथे होतात आणि सर्वांत जास्त वेळही येथेच द्यावा. इंग्रजीत काही नामे मोजता न येणारी मानली जातात. त्यांना एस लागत नाही, त्यांच्याआधी ‘अ’ लागत नाही, ‘मेनी’ ऐवजी ‘मच’ लागतो आणि क्रियापद एकवचनी येते. या नामांच्या लांबलचक याद्या शाळेत पाठ करून घेतल्या जातात आणि परीक्षेनंतर विसरल्या जातात. माझ्या मते यादी पाठ करण्याऐवजी तिचे दोन भाग करावेत.

पहिल्या भागात ती नामे येतात ज्यांना मराठीसुद्धा मोजत नाही. सामान, फर्निचर, माहिती, ज्ञान, प्रगती, रहदारी, हवामान यांचे बहुवचन आपण करीत नाही. ‘माझी दोन सामाने गाडीत राहिली’ असे कोणीही म्हणणार नाही. म्हणून ‘लगेज’, ‘फर्निचर’, ‘इन्फर्मेशन’, ‘नॉलेज’, ‘प्रोग्रेस’, ‘ट्रॅफिक’, ‘वेदर’ यांना एस लावण्याचे कारण मराठीत नाही. इंग्रजीत अनेक म्हणजे एस हा समज घट्ट बसलेला असतो, त्यातून हा एस आगंतुकपणे येतो. मनात मराठी वाक्य म्हणावे, मराठी शब्द एकवचनी राहिला तर एस खोडून टाकावा.

खरा धोका दुसऱ्या भागात आहे, कारण तेथे मराठी बेधडक मोजते आणि इंग्रजी मोजत नाही. सल्ले देता येतात, पण ‘अ‍ॅडव्हाइस’ एकवचनीच राहते. पुरावे गोळा होतात, पण ‘एव्हिडन्स’ला एस लागत नाही. बातम्या ऐकल्या जातात, पण ‘न्यूज’ एकवचनी आहे. दागिने घडतात, ‘जूलरी’ घडते. देखावे दिसतात, ‘सीनरी’ दिसते. उपकरणे असतात, ‘इक्विपमेंट’ असते. यंत्रे असतात, ‘मशिनरी’ असते. कामे असतात, ‘वर्क’ असते. केस पांढरे होतात, ‘हेअर’ पांढरे होते आणि त्याचे क्रियापदही एकवचनी असते. हे नऊ शब्द एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवावेत. सामान्य पत्रव्यवहारात वारंवार चुकणारी नामे बहुतांशी याच दुसऱ्या भागातली असतात, त्यामुळे शंभर शब्दांची यादी घोकण्यापेक्षा हे नऊ शब्द डोळ्यांसमोर राहिलेले अधिक उपयोगी पडतात.

मग मोजायची गरज पडली तर काय करावे? मोजण्यासाठी वेगळे नाम पुढे आणावे लागते : ‘टू पीसेस ऑफ अ‍ॅडव्हाइस’, ‘फोर पीसेस ऑफ फर्निचर’, ‘थ्री लोव्ह्ज ऑफ ब्रेड’, ‘अ बार ऑफ सोप’. किंवा ज्याला इंग्रजी मोजते तो जवळचा शब्द घ्यावा, जसे ‘वर्क’ ऐवजी ‘जॉब’ किंवा ‘टास्क’, ‘मशिनरी’ ऐवजी ‘मशीन’, ‘लगेज’ ऐवजी ‘बॅग’. ‘मेनी वर्क्स’ हे चूक, ‘मेनी टास्क्स’ हे बरोबर.

येथे काही नामे दोन्हीकडे वावरतात आणि त्यांच्या बाबतीत सरसकट एस खोडणे हीसुद्धा चूक होते. डोक्यावरचे ‘हेअर’ मोजत नाहीत, पण जेवणात दोन केस सापडले अशी ग्राहकाची तक्रार असेल तर ‘टू हेअर्स’ हे बरोबर आहे, कारण तेथे सुटे केस मोजलेले आहेत. नोकरीतला ‘एक्स्पीरियन्स’ मोजत नाहीत. सहलीतले वेगवेगळे अनुभव सांगायचे असतील तर ‘एक्स्पीरियन्सेस’ चालते. कागद म्हणून ‘पेपर’ मोजत नाहीत, वृत्तपत्रे, कागदपत्रे किंवा परीक्षेच्या प्रश्नपत्रिका म्हणून ‘पेपर्स’ मोजतात. ‘फ्रूट’ आणि ‘फूड’ यांचे बहुवचन प्रकार सांगताना होते. घरगुती निवासवाल्यांसाठी सांगायचे तर ‘अकॉमोडेशन’ ब्रिटिश इंग्रजीत एकवचनीच वापरतात आणि अमेरिकन इंग्रजीत ‘अकॉमोडेशन्स’ रूढ आहे. आपल्याकडची पत्रे ब्रिटिश वळणाची असतात, म्हणून एस न लावणे योग्य. या शब्दाच्या स्पेलिंगमध्ये दोन सी आणि दोन एम असतात हेही पाटी रंगविण्यापूर्वी पाहून घ्यावे.

शंका राहिली तर शब्दकोश उघडावा, मात्र इंग्रजी-मराठी कोश उघडू नये, कारण तो अर्थ सांगतो, मोजणीविषयी सहसा काही सांगत नाही. परभाषक विद्यार्थ्यांसाठी तयार केलेल्या इंग्रजी-इंग्रजी कोशात नामापुढे सी किंवा यू हे अक्षर छापलेले असते. सी म्हणजे मोजता येणारे, यू म्हणजे मोजता न येणारे. अशा खुणा देणारा एक पायाभूत कोश १९४२ मध्ये जपानमध्ये प्रथम छापला गेला; जपानी भाषेत नामाचे बहुवचन करण्याची सक्तीच नाही, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांना ही खूण किती गरजेची वाटली असेल हे आपण सहज समजू शकतो. असे कोश आता मोबाइलवर विनामूल्य पाहता येतात. एकाच शब्दापुढे दोन्ही अक्षरे असतील तर अर्थाचे वेगवेगळे क्रमांक वाचावेत आणि आपल्या वाक्यातला अर्थ कोणत्या क्रमांकाचा आहे ते ठरवावे. पहिला अर्थ पाहून कोश मिटणे हे या तपासणीतील नेहमीचे अपयश आहे.

चौथी तपासणी : नाम आणि क्रियापद यांची जुळणी

नाम बरोबर झाले तरी त्याच्या उजवीकडचे क्रियापद चुकलेले असू शकते. आपल्याकडे याचे सर्वांत मोठे कारण आदरार्थी बहुवचन हे आहे. ‘मुख्याध्यापक आले आहेत’, ‘बाबा म्हणाले आहेत’ असे आपण एका व्यक्तीविषयी आदराने म्हणतो, आणि तोच आदर ‘अवर प्रिन्सिपॉल हॅव’ या रूपाने इंग्रजीत जातो. इंग्रजी क्रियापदाला आदर कळत नाही. व्यक्ती एक असेल तर ‘हॅज’ आणि ‘इज’ हेच लिहावे. आदर ‘सर’, ‘रिस्पेक्टेड’ यांसारख्या संबोधनातून व्यक्त होतो.

‘पीपल’, ‘पोलीस’ आणि ‘कॅटल’ यांना एस नसला तरी ही नामे बहुवचनी आहेत. मराठीत लोक आले, पोलीस आले, गुरे आली असेच आपण म्हणतो, म्हणून मराठी कानावर विश्वास ठेवावा. ‘पीपल्स’ हा शब्द निरनिराळ्या जनसमूहांविषयी बोलतानाच येतो.

कात्री, पक्कड, चष्मा, दुर्बीण आणि विजार ही मात्र मराठीत एकवचनी आणि इंग्रजीत बहुवचनी नामे आहेत. डॉल्फिन दाखविणाऱ्या नौकांच्या फलकांवर ‘बायनॉक्युलर इज प्रोव्हायडेड’ असे लिहिलेले असते. तेथे ‘बायनॉक्युलर्स आर प्रोव्हायडेड’ हवे. एकच वस्तू आहे हे सांगायचे असेल तर ‘अ पेअर ऑफ बायनॉक्युलर्स’ लिहावे आणि मग क्रियापद ‘पेअर’नुसार एकवचनी करावे.

याच्या उलट ‘मॅथेमॅटिक्स’, ‘फिजिक्स’, ‘इकॉनॉमिक्स’ आणि ‘मीझल्स’ या शब्दांच्या शेवटी एस आहे, पण ही नामे एकवचनी आहेत. रक्कम, अंतर किंवा वेळ एकत्रितपणे सांगितली असेल तर तेथेही एकवचन येते : ‘फाइव्ह हंड्रेड रुपीज इज द चार्ज’. ‘स्टाफ’ आणि ‘फॅमिली’ यांच्याविषयी ब्रिटिश वापरात दोन्ही क्रियापदे चालतात, मात्र एका मजकुरात एकच पद्धत ठेवावी, आणि कर्मचारी मोजायचे असतील तर ‘टेन स्टाफ्स’ न लिहिता ‘टेन स्टाफ मेंबर्स’ लिहावे.

पाचवी तपासणी : न बदलणारी आणि परदेशी वळणाची नामे

मासेमारीच्या प्रदेशात ‘फिश’ हा शब्द टाळता येत नाही. सामान्य बोलण्यात त्याचे बहुवचन ‘फिश’ असेच राहते. अनेक जातींच्या माशांविषयी लिहिताना, विशेषतः शास्त्रीय लेखनात, ‘फिशेस’ येते. रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातील विद्यार्थ्याच्या अहवालात ‘फिशेस’ योग्य असू शकते, पण उपाहारगृहाच्या फलकावर ते बहुधा नको असते. ‘स्पीशीज’ आणि ‘सीरीज’ या शब्दांचे एकवचन आणि बहुवचन सारखेच आहे, म्हणून वेळासच्या कासवांविषयी लिहिताना ‘अ स्पीशी’ असा शब्द बनवू नये. ऑलिव्ह रिडले ही ‘अ स्पीशीज’ आहे.

‘क्राफ्ट’ या शब्दापाशी मी प्रत्येक वेळी थांबतो, कारण कोकणात त्याचे दोन्ही अर्थ रोज लागतात. नौका या अर्थी त्याचे बहुवचन बदलत नाही, ‘टेन फिशिंग क्राफ्ट’ असे लिहितात. हस्तकला या अर्थी मात्र एस लागतो, म्हणून सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांविषयी लिहिताना ‘क्राफ्ट्स’ किंवा ‘हँडिक्राफ्ट्स’ बरोबर आहे. मच्छीमार संस्थेच्या पत्रात ‘फिशिंग क्राफ्ट्स’ लिहिणे म्हणजे नौकांना हस्तकला करून टाकणे होय.

ग्रीक आणि लॅटिन वळणाची नामे मुख्यतः अभ्यासकांना लागतात. ‘क्रायटेरिया’, ‘फिनॉमेना’, ‘बॅक्टीरिया’, ‘फंगाय’ आणि ‘लार्व्ही’ ही बहुवचने आहेत. त्यांची एकवचने अनुक्रमे ‘क्रायटेरियन’, ‘फिनॉमेनन’, ‘बॅक्टीरियम’, ‘फंगस’ आणि ‘लार्व्हा’. दापोलीच्या कृषी विद्यापीठात आंब्यावरील रोग आणि किडींचे प्रबंध लिहिणाऱ्यांनी ‘दिस बॅक्टीरिया’ आणि ‘अ क्रायटेरिया’ हे प्रयोग शोधून काढावेत. ‘डेटा’ सामान्य लेखनात एकवचनी चालतो, शास्त्रीय नियतकालिके पुष्कळदा बहुवचन मागतात. ‘अजेंडा’ आता एकवचनीच मानतात.

सहावी तपासणी : मालकीची अपॉस्ट्रॉफी

एकवचनी नामाला एसआधी, एसने संपणाऱ्या बहुवचनी नामाला एसनंतर, आणि ‘चिल्ड्रन’, ‘विमेन’ अशा एस नसलेल्या बहुवचनाला पुन्हा एसआधी अपॉस्ट्रॉफी येते. नोकरीच्या अर्जात हा नियम थेट दिसतो, कारण ‘पाच वर्षांचा अनुभव’ याचे रूप ‘फाइव्ह इयर्स’ एक्स्पीरियन्स’ असे, एसनंतर अपॉस्ट्रॉफी देऊन, होते. ती अपॉस्ट्रॉफी नेमकी कोठे द्यावी याची खात्री नसेल तर ‘फाइव्ह इयर्स ऑफ एक्स्पीरियन्स’ असे लिहावे. अर्थ तोच राहतो आणि चुकण्याची जागा उरत नाही. एका आठवड्याच्या रजेसाठी ‘अ वीक’स लीव्ह’, दोन दिवसांच्या रजेसाठी ‘टू डेज’ लीव्ह’.

नातेसंबंधांच्या जोडशब्दांत बहुवचन पहिल्या शब्दाला आणि मालकी शेवटच्या शब्दाला लागते : ‘सन्स-इन-लॉ’ म्हणजे जावई, अनेक, ‘सन-इन-लॉ’स’ म्हणजे जावयाचा. दोघांची एकच सामायिक वस्तू असेल तर अपॉस्ट्रॉफी केवळ दुसऱ्या नावाला, प्रत्येकाची वेगळी असेल तर दोन्ही नावांना. भावाभावांच्या सामायिक बागेविषयी इंग्रजीत लिहिताना हा फरक क्षुल्लक नसतो, कारण अपॉस्ट्रॉफी एक की दोन यावरून बाग एक की दोन हे ठरते.

सातवी तपासणी : एस लागताच अर्थ बदलणारी नामे

ही सर्वांत अवघड तपासणी आहे, कारण येथे व्याकरण चुकत नाही. वाक्य शुद्ध असते आणि तरीही आपल्याला म्हणायचे होते त्यापेक्षा वेगळे म्हणत असते. ‘कस्टम’ म्हणजे रूढी, ‘कस्टम्स’ म्हणजे सीमाशुल्क. ‘गुड’ म्हणजे हित, ‘गुड्स’ म्हणजे माल. ‘मिनिट्स’ म्हणजे मिनिटे, आणि सहकारी संस्थेच्या सभेच्या संदर्भात इतिवृत्त. ‘वॉटर’ म्हणजे पाणी, ‘टेरिटोरियल वॉटर्स’ म्हणजे किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपर्यंतची सागरी हद्द. ‘वर्क्स’ हा शब्द बांधकामे या अर्थी बरोबर आहे, म्हणूनच सार्वजनिक बांधकाम विभागाच्या इंग्रजी नावात तो आहे. ती पाटी रोज वाचून आपल्या घरकामालाही ‘वर्क्स’ म्हणू नये. आवार या अर्थी ‘प्रेमिसेस’ नेहमी बहुवचनी असते, म्हणून ‘दिस प्रेमिसेस’ न लिहिता ‘दीज प्रेमिसेस’ लिहावे.

‘डॅमेज’ आणि ‘डॅमेजेस’ यांच्यातील फरक मी सर्वांत गंभीर मानतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर आदळले आणि त्यानंतर अनेकांना घर, नारळ-सुपारीच्या बागा आणि होड्या यांच्या नुकसानीविषयी लिहिणे भाग पडले. झालेले नुकसान म्हणजे ‘डॅमेज’, आणि ते कितीही मोठे असले तरी एकवचनी राहते. ‘डॅमेजेस’ म्हणजे न्यायालयाकडे मागितलेली किंवा न्यायालयाने देवविलेली भरपाईची रक्कम. छप्पर उडाले, पन्नास माड पडले, होडीचा नाळ फुटला, तरी ते सर्व ‘डॅमेज’च असते. वेगवेगळ्या नुकसानींची यादी द्यायची असेल तर ‘डॅमेज टु द रूफ’, ‘डॅमेज टु द बोट’ अशा स्वतंत्र ओळी लिहाव्यात.

कोठे थांबावे

पाट्या, माहितीपत्रके, खाद्यपदार्थांच्या याद्या, साधी पत्रे आणि नोकरीचे अर्ज यांच्यासाठी पहिल्या सहा तपासण्या पुरेशा आहेत आणि त्या कोणालाही घरी करता येतात. सातव्या तपासणीत एखादा शब्द असा सापडला की ज्याच्या वचनावर पैसा, हक्क किंवा जबाबदारी अवलंबून आहे, तर स्वतः दुरुस्ती करणे तेथेच थांबवावे.

प्रतिज्ञापत्र, खरेदीखत, भागीदारीचा करार, न्यायालयातील अर्ज आणि विवादात सापडलेला विमा दावा हे वकिलाचे काम आहे. तेथे एखादे नाम विचित्र दिसले तरी ते कायद्याच्या भाषेत तसेच असू शकते आणि व्याकरण सुधारण्याच्या नादात अर्थ बदलतो. निर्यातीची कागदपत्रे कस्टम्स ब्रोकरकडे न्यावीत. मालाचे नाव पावती, पॅकिंग यादी आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र या सर्वांवर एकसारखे असावे लागते. ‘मँगो’ या शब्दाच्या बहुवचनाची एसआधी ई असलेली आणि नसलेली अशी दोन्ही स्पेलिंगे इंग्रजीत चालतात, पण सीमाशुल्काच्या माल-वर्गीकरणात आंबा ज्या ०८०४ या शीर्षाखाली येतो त्याच्या अधिकृत वर्णनात ई आहे. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरे असे होऊ देऊ नये, आणि एकदा दाखल झालेल्या कागदावर तर स्वतः काहीच बदलू नये.

शोधनिबंध नियतकालिकाकडे पाठविण्यापूर्वी विषय जाणणाऱ्या भाषा-संपादकाला दाखवावा, कारण ‘फिशेस’ किंवा ‘डेटा’ यांचा निर्णय त्या नियतकालिकाच्या शैलीवर असतो. व्हिसासाठीची भाषांतरे व्यावसायिक अनुवादकाकडून करून घ्यावीत. संपूर्ण माहितीपत्रक किंवा संकेतस्थळ नव्याने लिहायचे असेल आणि पहिल्या पानावरच दहा-पंधरा नामांखाली रेघा पडत असतील, तर एकेक शब्द दुरुस्त करीत बसण्यापेक्षा मजकूर पुन्हा लिहून घेणे स्वस्त पडते.

व्यावसायिकाकडे जाताना छायाचित्र किंवा पीडीएफ न देता बदल करता येईल अशी फाइल द्यावी, सोबत मूळ मराठी मजकूर द्यावा, म्हणजे आपल्याला एक म्हणायचे होते की अनेक हे त्याला अंदाजाने ठरवावे लागणार नाही. आपण रेघा ओढलेला कागदही जोडावा आणि ज्या नामांविषयी शंका आहे त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह करावे. व्यक्तींची, गावांची आणि संस्थांची नावे कोणत्या स्पेलिंगने हवीत याची यादी स्वतंत्र कागदावर द्यावी; ती सात-बारा, आधार आणि संस्थेच्या नोंदणीपत्रावर आहेत तशीच ठेवायची आहेत हे त्याच कागदावर स्पष्ट लिहावे.